घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याआधी

तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला कागद काढला. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, घड्यांवर विरलेला. खाली दोघांच्या सह्या, दोन्हीकडच्या साक्षीदारांची नावं, कोपऱ्यात नोटरीचा गोल लाल शिक्का. मजकूर एवढाच, की आजपासून आम्ही एकमेकांना मोकळं केलं असून कोणाचा कोणावर हक्क राहिलेला नाही. सात वर्षांपूर्वी गावातल्या चार जाणत्या माणसांनी बसून हा फारकतनामा करून दिला होता. आता तिला दुसरं स्थळ आलं होतं आणि मुलाकडच्यांनी कोर्टाचा कागद मागितला होता. "हाच ना तो?" तिनं विचारलं.

तो नव्हता. कायद्यानं ती अजून त्याच माणसाची बायको होती.

कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना हा कागद मी कितीतरी हातांत पाहिला आहे. पूर्वी शंभराचा असायचा, आता पाचशेचा असतो, एवढाच फरक. घटस्फोटाबद्दल लोक मला शंभर प्रश्न विचारतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एखादी सही असते. न वाचता केलेली, घाईत केलेली, किंवा कोणीतरी "कर गं, काही होत नाही" म्हणालं म्हणून केलेली. म्हणून हे सगळं सह्यांच्या अंगानंच सांगते.

नोटरीचा शिक्का म्हणजे घटस्फोट नव्हे

काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द आपल्याकडे कायद्यापेक्षा जुने आहेत. त्यामुळे पंचांसमोर बसून लग्न मोडता येतं, असं अजून अनेकांना मनापासून वाटतं. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीच झाला. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. तो हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. या कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानंच मोडतं. नोटरीचा शिक्का फार तर या सह्या याच माणसांनी केल्या एवढंच सांगतो.

एक अपवाद आहे. एखाद्या समाजात रूढीनं घटस्फोट होत असेल तर कलम २९ ती रूढी मान्य करतं. पण ती जुनी आहे, अखंड पाळली जाते आणि नेमकी काय आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. "आमच्यात चालतं" एवढं म्हणून भागत नाही.

अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते लग्न शून्य, म्हणजे कायद्यानं झालंच नाही असं ठरतं, आणि जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हाही होतो. त्या लग्नातली मुलं कायद्यानं औरसच मानली जातात, हाच काय तो दिलासा. स्त्रीच्या वाट्याला मात्र पत्नीचा दर्जा येत नाही, आणि तिला ते बहुतेकदा फार उशिरा कळतं.

तुमचं लग्न रजिस्ट्रारसमोर विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर १९५४ चा तो कायदा लागतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी लग्नांचे कायदे वेगळे आहेत. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्यानं निरर्थक ठरवला आहे आणि तो देणं गुन्हा आहे. गोव्यात तर सगळंच निराळं. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कौटुंबिक कायदा आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. सिंधुदुर्गातली मुलगी गोव्यात दिली असेल, तर वकील गोव्यातला कायदा जाणणाराच हवा. यापुढे मी जे लिहिते आहे ते मुख्यतः हिंदू विवाह कायद्याबद्दल.

दोघांची संमती असेल तर

हा रस्ता १९७६ च्या दुरुस्तीनं खुला झाला. कायद्यातलं त्याचं नाव कलम १३-ब. दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत, पुन्हा एकत्र नांदणं शक्य नाही यावर दोघांचं एकमत हवं, आणि अर्ज दोघांनी मिळून करायचा. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या घरातच राहणं, असं नाही. एकाच छताखाली राहूनही नवराबायकोचं नातं संपलेलं असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच स्पष्ट केलं आहे. मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये दुसरीकडे जायची सोय नसलेल्या जोडप्यांना हे ठाऊक असायला हवं.

अर्ज दाखल झाल्यावर कोर्ट सहा महिने थांबायला सांगतं, विचार बदलला तर बदलू दे म्हणून. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर राहून "आम्ही ठाम आहोत" असं सांगायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात का, हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. होऊ शकतात. अर्जाआधीच दीड वर्षाहून अधिक काळ वेगळं राहून झालेलं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलं, दागिने हे सगळं खरोखर मिटलेलं असेल तर न्यायाधीश ही मुदत सोडून देऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. तो तुमचा हक्क मात्र नाही. तसा अर्ज करावा लागतो आणि निर्णय न्यायाधीशांचा असतो.

हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणूनच संमतीच्या अटींच्या कागदावरची सही ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत महागडी सही. वकील त्याला कन्सेंट टर्म्स म्हणतात. माझा आग्रह असा, की तो मसुदा घरी न्या, दोन दिवस ठेवा आणि प्रत्येक कलम मोठ्यानं वाचा. ‘ठरल्याप्रमाणे रक्कम देण्यात येईल’ असं वाक्य असेल तर थांबा. किती, कोणत्या तारखेला, कशी? उरलेली रक्कम शेवटच्या तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टनं, असं लिहून घेतलेलं बरं. ‘दागिने परत मिळाले’ असं लिहिलेलं असेल तर ते खरंच हातात आलेत का? मुलाच्या कॉलेजचा खर्च कोण करणार? सदनिकेचे उरलेले हप्ते कोणाच्या खात्यातून जाणार? "मुलाच्या पोटगीवरचा हक्क सोडते" असंही कधीकधी बायकांकडून लिहून घेतात. मुलाचा हक्क मुलाचा असतो. तो आईच्या सहीनं संपत नाही.

पोलिसांत छळाची तक्रार झालेली असेल, पूर्वीचं ४९८-अ आणि आताचं न्याय संहितेतलं कलम ८५, तर ती "मागे घेते" असं अटींत लिहिल्यानं आपोआप संपत नाही. गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. तो अर्ज कधी करायचा आणि दुसऱ्या बाजूनं शपथपत्र कधी द्यायचं, हे अटींत तारखेसकट असलं पाहिजे.

खर्च वाचावा म्हणून बरीच जोडपी दोघांत मिळून एकच वकील करतात. होतं तसं, आणि साधं प्रकरण असेल तर निभावतंही. पण मुलं किंवा घर मध्ये असेल तर निदान तो मसुदा तुमच्या बाजूनं वाचणारा दुसरा वकील हवा, असं माझं ठाम मत आहे. एका बैठकीच्या फीपायी ही काटकसर करू नका.

एकालाच हवा असेल तर

"आमचं पटत नाही" हे कायद्यात कारण नाही. लग्न पार मोडकळीला आलं आहे, एवढ्यावरून घटस्फोट देण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. राज्यघटनेच्या कलम १४२ खाली तो त्यांना वापरता येतो, असं २०२३ मध्ये घटनापीठानं म्हटलं. वांद्र्याच्या किंवा शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाला तो वापरता येत नाही. इथे कायद्यात लिहिलेलं कारण लागतं. क्रूरता, सलग दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षं थांगपत्ता नसणं, अशी ती कारणं आहेत. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये काढून टाकलं, आणि ते फार आधीच जायला हवं होतं. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो आजही आहे.

सगळ्यात जास्त दावे क्रूरतेचे. क्रूरता मारहाणीचीच हवी असं नाही, मानसिकही चालते. पण "मला त्रास दिला" हे वाक्य कोर्टात उभं राहत नाही. कधी, कुठे, काय घडलं, कोण होतं, नंतर कोणाला सांगितलं, असं सगळं लागतं. मी पक्षकाराला शंभर पानी वही घ्यायला सांगते. रोज थोडं आठवून लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘धाकट्याच्या बारशाआधी’ असं लिहा, तारीख आपण मागाहून शोधू. व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका, फोन बदललात तरी जुना टाकू नका. नवराबायकोनं एकमेकांचं न सांगता केलेलं फोन रेकॉर्डिंगही अशा दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये म्हटलं आहे. यातला अर्थ दोन्हीकडून घ्या. तुम्ही रागाच्या भरात बोललेलंही उद्या न्यायाधीशांसमोर ऐकवलं जाईल.

दावा कुठे दाखल करायचा? लग्न जिथे झालं, शेवटी एकत्र जिथे राहिलात, किंवा समोरची व्यक्ती जिथे राहते. बायको अर्ज करत असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही, हे २००३ पासून. सासर नागपूरचं आणि माहेर साताऱ्याचं असेल तर दर तारखेला नागपूर गाठायची गरज नाही. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मात्र, फारच असह्य परिस्थिती असल्याशिवाय, अर्ज घेतला जात नाही.

समन्स आलं की घाबरून ते परत पाठवायचं, बेलिफाला टाळायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. त्यानं दावा थांबत नाही, एकतर्फी चालतो. समन्स घ्या, त्यावर सही करा (ही सही बिनधास्त करावी), आणि तारखेला हजर राहा. अनेकदा समन्स घटस्फोटाचं नसून ‘नांदायला येण्याच्या’ दाव्याचं असतं. त्याचा अर्थ पोलीस येऊन सासरी नेऊन सोडतील, असा नाही. कोणालाही हाताला धरून नांदायला लावता येत नाही. पण दुर्लक्ष करून हुकूम होऊ दिलात आणि नंतर वर्षभर एकत्र आला नाहीत, तर तेच घटस्फोटाचं कारण बनतं.

सुरुवातीला कोर्ट तुम्हाला समुपदेशकाकडे पाठवेल. तिथे भांडण जिंकायचं नसतं. मुलांच्या भेटीचं वेळापत्रक, शाळेची फी असे निम्मे प्रश्न तिथेच सुटलेले मी पाहिले आहेत. पुढे कैफियत म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर, मग पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद. यात तीन-चार वर्षं जाणं नवलाचं नाही, आणि जो वकील सहा महिन्यांत निकाल देतो म्हणतो तो तुम्हाला बरं वाटेल तेच सांगतो आहे.

पोटगी, दागिने, घर

पोटगी किती, याचं कोष्टक नाही. पगाराच्या पंचवीस टक्के असं लोक सांगतात. ते एका निकालात योग्य मानलेलं प्रमाण आहे, नियम नाही. २०२० पासून दोघांनाही आपापल्या उत्पन्नाचं, मालमत्तेचं आणि कर्जांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. दावा चालू असताना अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्चही मागता येतो. कमाई नसलेला नवराही हिंदू विवाह कायद्याखाली ती मागू शकतो. बायको शिकलेली आहे, नोकरी करू शकली असती, एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही. ती प्रत्यक्षात किती कमावते हे बघतात.

त्या शपथपत्रावरची सही ही दुसरी महागडी सही. एका बाईनं माझ्याकडे येण्याआधी ‘काहीही कमावत नाही’ असं लिहून दिलं होतं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तिच्या दारावरच्या पाटीचा फोटो पुढे ठेवला, ‘इयत्ता पहिली ते चौथी शिकवणी घेतली जाईल’. महिन्याला तीनेक हजार मिळत असतील तिला. ते आधीच लिहिलं असतं तर पोटगीत फारसा फरक पडला नसता. त्या फोटोनंतर मात्र तिच्या खऱ्या बोलण्यावरही प्रश्नचिन्ह लागलं. ती पिंजऱ्यात उभी राहून पदराचं टोक पिळत होती, आणि मला काही करता येत नव्हतं.

लग्नात तिला मिळालेले दागिने, माहेरची भांडी, सासरच्यांनी तिला म्हणून दिलेलं मंगळसूत्र हे स्त्रीधन, त्यावर फक्त तिचा हक्क. पावत्या नसतील तर लग्नाचे फोटो काढा, अंगावरचा एकेक दागिना त्यात दिसतो. घराचं मात्र तसं नाही. गोवा सोडला तर घटस्फोटात नवऱ्याच्या मालमत्तेचा अर्धा वाटा बायकोला मिळतो, असा कायदा आपल्याकडे नाही. ज्या घरात ती नांदली तिथून तिला कायद्याची प्रक्रिया टाळून बाहेर काढता येत नाही, ते घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी. हे संरक्षण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे. राहण्याचा हक्क आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलांचा ताबा ही बक्षिसाची वाटणी नव्हे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. त्यापुढे मुलाचं हित कशात आहे, हे बघतात. न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकट्यानं बोलतात. त्याला आदल्या रात्री पढवून आणू नका. पढवलेलं मूल पहिल्या दोन वाक्यांत कळतं, आणि त्या मुलाचा चेहरा बघवत नाही.

वकिलाबरोबर काम करताना

कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा आपोआप मिळणारा हक्क नाही, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते. पण मूळ कल्पना अशी, की न्यायाधीशांनी तुमच्याशी थेट बोलावं. म्हणून आपल्या दाव्यात काय लिहिलं आहे हे तुम्हाला तोंडपाठ असलं पाहिजे. दाव्यावर सही करण्याआधी तो समजेल अशा भाषेत वाचून मागा. इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट भरलेल्या वकीलपत्रावर सही करू नका, वकील कितीही ओळखीचा असो.

फी पहिल्याच भेटीत विचारा. एकरकमी आहे, टप्प्याटप्प्यानं आहे, की दर तारखेला? टायपिंग, प्रवास, अपील त्यात धरलं आहे का? लिहून घ्या, पावती घ्या. ‘पोटगी मिळेल त्याचे इतके टक्के’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकिलांना जाहिरात करायचीही मुभा नाही, तेव्हा ‘खात्रीशीर घटस्फोट’ असा फलक दिसला तर दुसरं दार बघा.

वकिलाला सगळं सांगा. आधीचं लग्न, दुसरे संबंध, लपवलेलं कर्ज, स्वतः उगारलेला हातसुद्धा. तुम्ही सल्ल्यासाठी सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय उघड करायला कायद्यानं त्याला बंदी आहे. जे मला आधी माहीत असतं त्याची तयारी मी करू शकते. जे मला विरुद्ध बाजूकडून कळतं, त्याची नाही.

तुमच्याकडूनही थोडी शिस्त हवी. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा. दाव्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून सोळा खुणांचा ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख तुमची तुम्हाला दिसते. वकील बदलायचा हक्क तुम्हाला कधीही आहे. फी थकली म्हणून जुन्या वकिलाला तुमची फाईल अडवून धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलं आहे.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईनचा क्रमांक १५१००. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं हा क्रमांक निदान एका बाईला सांगावा, अशी माझी विनंती आहे.

परदेशातल्यांसाठी एक गोष्ट. लग्न इथे हिंदू पद्धतीनं झालं असेल आणि एकानं तिकडच्या कोर्टातून, इथल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, दुसऱ्याच्या सहभागाशिवाय घटस्फोट घेतला, तर तो भारतात मान्य होत नाही. १९९१ पासूनची ही भूमिका आहे. न्यू जर्सीहून आलेला निकाल हातात घेऊन पुण्यात दुसरं लग्न ठरवण्याआधी तो इथल्या वकिलाला दाखवा.

निकालानंतरही थोडं थांबायचं असतं. लढवलेल्या दाव्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाच्या निर्णयाप्रमाणे नव्वद दिवस, दुसरं लग्न करू नये. संमतीच्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील नसतं.

त्या बाईच्या विरलेल्या फारकतनाम्यानं घटस्फोट झाला नव्हता, पण तो वाया गेला नाही. दोघं सात वर्षं वेगळे राहत आहेत, हे दाखवायला आम्ही तोच कागद जोडला. नवऱ्यालाही मोकळं व्हायचं होतं. संमतीचा अर्ज झाला, सहा महिन्यांची मुदत माफ करण्याची विनंती न्यायाधीशांनी मान्य केली. नक्कल विभागातून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मिळाली तेव्हा तिनं ती खिडकीपाशीच उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचून काढली, मागून लोक ढकलत असताना. एका जागी तिच्या वडिलांच्या नावात वेलांटी चुकली होती. ती तिनंच दाखवली, आणि दुरुस्तीचा अर्ज आम्ही त्याच दुपारी दिला. त्यावर सही करण्याआधी तोही तिनं वाचला.